फ्लोरेन्समध्ये घर भाड्याने घेताना: आमचे चार दिवस

एप्रिल २०२५. पुण्याहून निघालेलो आम्ही चौघं: मी, नवरा, सासूबाई आणि दहा वर्षांची लेक. सासूबाईंना रात्री वरणभात लागतो, म्हणून हॉटेलऐवजी घर शोधलं. पहिलं स्वस्तात मिळालं. पैसे भरल्यावर मालकाचा मेसेज: कोणी विचारलं तर मित्र आहोत म्हणा. रद्द केलं, निम्मेच पैसे परत आले.

तेव्हा बुकिंगआधी सीआयएन नंबर, म्हणजे सरकारदरबारी नोंदलेल्या घराचा ओळखक्रमांक, बघाच. इटलीत २०२५ पासून पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या घराला तो सक्तीचा आहे, जाहिरातीत आणि इमारतीबाहेरही. फ्लोरेन्सचा नंबर ‘आयटी०४८०१७’ने सुरू होतो. जुन्या शहरात अशी नवी घरं सुरू करायला पालिकेने २०२३ मध्येच बंदी घातली. आधीची चालू आहेत. त्यामुळे चांगलं घर हवं तर लवकर बुक करा.

आमचं घर सांतो स्पिरितो चौकाजवळ होतं. दाराशेजारी भिंतीत स्क्रूची चार भोकं आणि मधे स्वच्छ चौकोन. किल्लीची पेटी नुकतीच काढलेली! ‘कोड टाका, किल्ली घ्या’ हा प्रकार तिथे आता बंद. पाहुण्यांना समक्ष बघूनच किल्ली द्या, असं गृहखात्याचं फर्मान आहे. आमची ट्रेन चाळीस मिनिटं लेट, मालकीणबाई फुटपाथवर ताटकळलेल्या. ट्रेन चुकली तर आधी त्यांना कळवा. त्यांनी पासपोर्ट घेतले, सासूबाईंना मफलर खाली करायला लावून चेहरा ताडून पाहिला. ही माहिती २४ तासांत पोलिसांकडे जाते. शहराचा कर माणशी, दर रात्रीचा, जास्तीत जास्त सात रात्रींचा. बारा वर्षांखालच्यांना माफ. बुकिंगमध्ये धरलाय का ते विचारा, आमच्याकडून रोख घेतला.

तिथेही तळमजला शून्य धरतात, म्हणजे तिसरा मजला आपल्यासारखाच तिसरा, पण जिने उंच. लिफ्ट आहे का हेही विचारा. गाडी घेऊन जुन्या शहरात शिरू नका, परवाना नसेल तर कॅमेरे टिपतात आणि दंड घरपोच येतो.

दुसऱ्या रात्री कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि दारावर टकटक. खालच्या मजल्यावरच्या आजी. आधी घाबरल्या होत्या, मग कुकर बघून हसल्या. फोनवरच्या भाषांतरातून कळलं, की जिन्यातल्या आठ घरांपैकी तीनच घरांत माणसं राहतात, बाकी ‘सुटकेसवाले’. सासूबाईंनी त्यांना वाटीभर वरण दिलं.

पुढचे दोन दिवस भात पातेल्यातच केला.