‘काय’ची ‘गाय’

काकूंकडे तिसऱ्यांदा निघालो तेव्हा बॅगेत विंडोजचा पेन ड्राइव्ह आधीच टाकलेला होता. काय करायचं ते घरूनच ठरलेलं, फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. दोन महिन्यांत दोनदा मारला होता. दोन्ही वेळा आठ-दहा दिवस मशीन बरं चाललं आणि मग पुन्हा तेच रडगाणं. निळा स्क्रीन, आपोआप रिस्टार्ट, नुसतं फोल्डर उघडलं तरी सगळं गोठणं, आणि वर्डची एखादी फाइल ‘खराब झाली आहे’ म्हणून उघडायलाच तयार नसणं.

पहिल्या खेपेला मी शिरस्त्याप्रमाणे सगळं केलं होतं. एसएसडीची, म्हणजे फाइली साठवणाऱ्या डिस्कची, तब्येत पाहिली, ठणठणीत. ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम, नवे टाकले. एसएफसी स्कॅननाऊ ही विंडोजच्या फाइली तपासणारी आज्ञा दिली, बिघडलेल्या सिस्टिम फाइली सापडल्या आणि दुरुस्तही झाल्या. रिस्टार्ट करून पुन्हा दिली तर पुन्हा सापडल्या, आणि या वेळी दुसऱ्याच. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. निळ्या स्क्रीनवरचं कारणही रोज बदलत होतं, कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, एकदा तर थेट फाइल सिस्टिमचं नाव. एकच ड्रायव्हर बिघडलेला असेल तर बहुतेकदा तोच तो कोड येतो. रोज नवा आरोपी समोर येत असेल तर खाली हार्डवेअरमध्ये काहीतरी आहे, हे मी इतरांना शिकवतो. पण विंडोजसोबत येणारी मेमरी चाचणी लावली होती आणि तिने ‘त्रुटी आढळली नाही’ असं सांगितलं होतं. त्या एका ओळीवर मी रॅमचं, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीचं, नाव यादीतून खोडलं.

दुसऱ्या फॉरमॅटच्या वेळी सेटअप मध्येच थांबला, एक फाइल सापडत नाही किंवा खराब आहे म्हणाला. मी दोष पेन ड्राइव्हला दिला आणि दुसरा लावला. तो चालला. इतकं सगळं समोर असताना माणूस किती आंधळा होऊ शकतो, त्याचा हा नमुना.

काकू निवृत्त मुद्रितशोधक. उमेदीची सगळी वर्षं मुद्रितं तपासण्यात गेली, आता घरी बसून लोकांची हस्तलिखितं टाइप करून देतात. त्या दिवशी मी बॅग उघडायच्या आत त्यांनी एक वही पुढे केली.

“फॉरमॅट करण्याआधी हे बघ. मशीन माझा मजकूर बदलतंय.”

ग्राहक असं म्हणाला की आम्ही लोक चेहरा सरळ ठेवून मान डोलावतो. मीही डोलावली. वहीत महिन्याभरातल्या अकरा नोंदी होत्या, तारीख, फाइलचं नाव, पान, आणि दोन रकाने, ‘मूळ’ आणि ‘झालेले’. ‘काय’ची ‘गाय’. ‘तिला’चं ‘दिला’. ‘तार’चं ‘दार’. एका ठिकाणी ‘ती’ची ‘तू’. ‘वर’चं ‘वल’. जवळजवळ सगळे खरे शब्द, त्यामुळे स्पेलचेकनेही त्यांच्याखाली लाल रेघ ओढली नव्हती.

मी म्हटलं, “काकू, इनस्क्रिप्ट कळफलकावर क च्या डोक्यावरच ग आहे. त च्या डोक्यावर द. र च्या खाली ल. ी आणि ू तर शेजारी शेजारी. बोट घसरतंय.”

मला वाटलं, प्रकरण मिटलं. काकू चष्म्यावरून बघत राहिल्या.

“बोट घसरलं तर दोन्हीकडे घसरेल ना? क चा ग झाला, तसा कधी ग चा क व्हायला हवा. एकदाही नाही झालाय. आणि च-ज च्या कळाही अशाच एकाखाली एक आहेत. तिथे का नाही घसरत?”

मी गप्प. मग त्या जे म्हणाल्या ते मला अजून आठवतं. “छपाईच्या खिळ्यांच्या काळात असं व्हायचं. छापून झाल्यावर अक्षरांचे खिळे परत केसमध्ये, त्या घराघरांच्या खोक्यात, टाकताना त च्या घरात मूठभर द पडले, की पुढच्या पानांवर त च्या जागी मधूनच द यायचा. जुळाऱ्याची चूक नसायची, घरच चुकलेलं असायचं.”

एकाच दिशेने होणारी चूक. मी माझा लॅपटॉप काढला, पॉवरशेल ही आज्ञा द्यायची खिडकी उघडली आणि अक्षरांचे युनिकोड क्रमांक विचारले, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर ज्या आकड्याने ओळखतो ते. क २३२५, ग २३२७. त २३४०, द २३४२. र २३५२, ल २३५४. ी २३६८, ू २३७०.

प्रत्येक जोडीत फरक नेमका २.

अंगावर काटा आला. कागद घेऊन क आणि ग शून्य-एकात लिहिले:

१००१०००१०१०१
१००१०००१०१११

शेवटून दुसरं स्थान. क मध्ये तिथे ०, ग मध्ये १. बाकी सगळं तेच. त-द, र-ल, ी-ू, सगळीकडे तेच स्थान, आणि दर वेळी ० चा १. ग ला ते स्थान मुळातच १ आहे, म्हणून ग चं काही होत नाही. च काढून बघितला, २३३०, तिथेही १. म्हणून च सुरक्षित. काकूंच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका ओळीत मिळाली. रॅममधलं कुठलं तरी घर १ वर अडकून बसलं होतं. तिथे ० ठेवला तरी वाचताना १ परत येत होता.

मग बाकीची लक्षणंही एकेक करून जागेवर बसली. वर्डची डॉक्सएक्स फाइल म्हणजे आतून झिप, दाबून बांधलेलं गाठोडं, असते. बिट, म्हणजे असा एखादा ० किंवा १, साठवण्याआधी मजकुरात फिरला तर अक्षर बदलतं आणि फाइल निमूट उघडते, झिप झाल्यावर फिरला तर अख्खी फाइल बाद. तोच बिट सिस्टिमच्या कोडमध्ये गेला की निळा स्क्रीन. सेटअपच्या फाइलीही डिस्कवर जाताना रॅममधूनच जातात, म्हणजे मी दोन्ही वेळा नवं विंडोज त्याच गळक्या भांड्यातून ओतलं होतं.

पेन ड्राइव्हवरचं विंडोज पुसून त्यावर मेमटेस्ट८६ प्लस टाकलं आणि मशीन त्यावरून चालू केलं. ही चाचणी ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालते, त्यामुळे जवळपास सगळी मेमरी तिच्या हातात येते, आणि ती वेगवेगळे साचे लिहून परत वाचत राहते, तासन् तास. पहिली पंचवीस मिनिटं काही नाही. माझा धीर सुटायला लागला होता. एवढी फुशारकी मारून आता हिरवं ‘पास’ आलं तर? मग एक लाल ओळ आली. मग भराभर दहा-बारा. पत्ते वेगवेगळे, पण एकाच पट्ट्यातले. काय लिहिलं आणि काय वाचलं यातला फरक मात्र प्रत्येक ओळीत २.

काकूंना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा सारखा करून चार-पाच ओळी बोट फिरवत खरंच तपासल्या.

पुढचं काम कंटाळवाणं, पण टाळता येत नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, रॅमचा वेग मूळ ठेवून पाहिला, तरी लाल. रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. दोन्ही काढून सोनेरी दात खोडरबराने पुसले (यानेही कधी कधी काम होतं, हसू नये), तरी लाल. मग एकेकच लावली. पहिलीवर पूर्ण फेरी स्वच्छ. दुसरीवर दहा मिनिटांत लाल. दुसरीच उचलून पहिलीच्या खाचेत लावली, तिथेही लाल. म्हणजे खाच ठीक, पट्टीच गेलेली. चांगली पट्टी एकटीच रात्रभर चाचणीवर ठेवून मी घरी गेलो. सकाळी शून्य त्रुटी.

मग एकदाचा तो तिसरा फॉरमॅट मारला, कारण डिस्कवर आधी उतरलेल्या कुठल्याच सिस्टिम फाइलची खात्री देता येत नव्हती. एसएफसी दोनदा चालवलं, दोन्ही वेळा कोरं.

अवघड बोलणं राहिलं होतं. “काकू, मशीन बरं झालं. पण महिना-दोन महिन्यांत सेव्ह केलेल्या फाइली तशाच आहेत. बॅकअपही त्याच रॅममधून गेलाय. त्यात आणखी कुठे काय बदललंय ते मला सांगता येणार नाही. मोठ्या सर्व्हरमध्ये ईसीसी नावाची रॅम असते, ती अशी एका बिटाची चूक जागच्या जागी दुरुस्त करते. घरच्या मशीनमध्ये सहसा नसते.”

“म्हणजे परत वाचायचं.”

“क, त, र आणि ी या चारांवर जास्त लक्ष ठेवा.”

“चारांवर लक्ष ठेवून वाचत नसतात,” काकू म्हणाल्या. “सगळं वाचतात.”

निघताना मी वही पुन्हा मागितली. अकरा नोंदी त्या फरकाशी ताडून बघायच्या होत्या. आठ जुळल्या. तीन कशाच बसेनात. एका ठिकाणी ‘पाणी’चं ‘पाणि’ झालं होतं, दोन ठिकाणी अख्खा शब्दच गळलेला. मी जरा चाचरत त्यांना दाखवल्या.

काकूंनी लाल पेन घेतलं, त्या तिन्हींवर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘माझ्या’.