दुसऱ्या फेरीत आम्ही अडलो

आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या पॅरिशमधल्या, आम्हा नऊ जणांना एकत्र बसून देवाची इच्छा शोधायला शिकायला पाच महिने लागले. त्यातले तीन महिने एका ओळीपायी गेले. तो राग माझ्या मनातून अजून पूर्ण गेलेला नाही.

वसईत चर्चची युवा संघटना म्हटली की नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, आलाच. आमचे दरवर्षी साठेक हजार रुपये आणि महिनाभराच्या रात्री त्यात जातात. गेल्या जूनमध्ये एकानं विचारलं, यंदा हाच पैसा आणि हीच माणसं वीटभट्टीवरच्या मुलांना शिकवायला लावायची का? हात वर करून मतं घेतली असती तर दहा मिनिटांत विषय संपला असता आणि संघटना फुटली असती. म्हणून फादरांनी ‘आत्म्यातील संवाद’ करायला सांगितलं. २०२३ च्या ऑक्टोबरात रोमला सिनॉडमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या जागतिक सभेत, बिशप, सिस्टर आणि प्रापंचिक गोल टेबलांभोवती बसून याच पद्धतीनं बोलले होते.

शिकवायला बाहेरून एक जण आले. प्रार्थना, शास्त्रपाठ, पहिली फेरी, सगळं जमलं. पहिल्या फेरीत प्रत्येकानं आपल्या प्रार्थनेत जे आलं ते सांगायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. मग शांतता, दुसरी फेरी, पुन्हा शांतता आणि तिसऱ्या फेरीत मिळून निर्णयाकडे जायचं. आम्हाला दिलेल्या झेरॉक्सवर दुसऱ्या फेरीपुढे एवढंच छापलं होतं: ‘इतरांच्या बोलण्यातून काय भावले ते सांगा.’

ते कसं सांगायचं, ते कुणीच सांगितलं नाही. आम्ही सुरुवात करायचो, ‘तुझं मला भावलं, पण...’ आणि त्या ‘पण’नंतर सरळ वादावादी. शांततेची चार मिनिटं मी पुढचं उत्तर जुळवण्यात घालवायची. समोर मेणबत्ती, मांडीवर बायबल, आणि डोक्यात मुद्दे. मला वाटतं सगळ्यांचं तेच चालायचं. ऑगस्टमध्ये एक मुलगी रडत उठून गेली. त्या रात्री मी संघटना सोडतेय असा मेसेज लिहून ठेवला. पाठवला नाही, कारण जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या संत इग्नाशियस यांचा एक नियम आठवला: मन कोरडं पडलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. हा नियम पाठ करा. पहिल्याच दिवशी पाठ करा.

सुटका झाली ती आमच्यातल्या भाजीचा टेम्पो चालवणाऱ्या मुलामुळे. तो फार बोलत नाही. तीन बैठकांत पहिल्या फेरीत त्यानं एकच गोष्ट सांगितली होती: ‘मी भट्टीजवळून जातो तेव्हा पोरं टेम्पोमागे धावतात. त्यांना वाटतं शाळेची गाडी आली.’ आम्ही कुणी ऐकलंच नव्हतं. चौथ्या बैठकीत गोठ्याच्या बाजूनं सगळ्यात जोरात भांडणाऱ्या मुलीनं दुसऱ्या फेरीत त्याचंच वाक्य, त्याच्याच शब्दांत, परत म्हटलं. पुढे काहीच जोडलं नाही. नुसती गप्प बसली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. त्या टेम्पोवाल्यानं मान खाली घातली.

तेव्हा कळलं, दुसऱ्या फेरीत स्वतःचं काही बोलायचंच नसतं. दुसऱ्याचं एक वाक्य त्याच्या शब्दांत परत म्हणायचं आणि ते ऐकताना मनात काय हललं तेवढं सांगायचं. पुढच्या बैठकीपासून शांततेत आम्ही प्रत्येकानं असं एक वाक्य वहीत लिहायचं ठरवलं. वाक्य लिहिलं नसेल तर बोलायचं नाही. एवढं त्या कागदावर छापायला काय हरकत होती?

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: प्रश्न असा निवडा की दोन्ही उत्तरं चांगली असतील. गोठाही चांगला, शिकवणंही चांगलं. चांगलं आणि वाईट यांतून निवडायला एवढं बसावं लागत नाही. आणि रोज रात्री दहा मिनिटं दिवसाची उजळणी करा, आभारापासून सुरुवात करून. ती न केलेला माणूस बैठकीत नुसती मतं घेऊन येतो, हे आम्ही पाहिलंय.

ऑक्टोबरच्या शेवटी ठरलं: गोठा लहान, चर्चच्या पायरीशी, आणि जानेवारीपासून दर रविवारी दोन तास भट्टीवर. निर्णय लगेच जाहीर केला नाही, आठ दिवस तसाच प्रार्थनेत ठेवला. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून इग्नाशियस अंथरुणाला खिळले होते. शूर सरदाराची स्वप्नं रंगवली की नंतर मन रितं व्हायचं, संतांसारखं जगायचा विचार केला की आनंद मागे उरायचा. पारखायचं ते हे मागे उरलेलं. आमच्यात आठव्या दिवशीही बहुतेकांना समाधान होतं. एकाला नव्हतं. त्यानं ते सांगितलं आणि तरी तो दर रविवारी येतो.

पावसाळ्याआधी भट्ट्या बंद होतील आणि मुलं आईबापांबरोबर गावी जातील. तेव्हा आपण काय करायचं, हा आमचा नवा प्रश्न आहे. पहिली फेरी गेल्या शुक्रवारी झाली.