घरची मालवणी बंद करू नका

"घरात मालवणी बोलता, म्हणून पोरीला नीट बोलता येत नाही." माझ्या दुसरीच्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीला हे आजवर कितीजणांनी ऐकवलंय. परवा ती मला म्हणाली, "बाई, मगे आता आमी घरात गप रवाचा काय?" तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

आमची शाळा मालवण तालुक्यात, किनाऱ्यालगत. ही मुलगी हुशार आहे. टोपलीतले तारली आणि पेडवे हे मासे एका नजरेत वेगळे काढते, गणितं सोडवते. कान तपासून झालेत, ठीक आहेत. पण वाक्य आलं की अडते. "मांजरान बांगडो खाल्ल्यान" म्हटलं की बरोबर चित्र दाखवते, कारण बांगडा काही मांजराला खाणार नाही. "मोत्याक काळ्यान चावल्यान" (मोत्याला काळ्या चावला, दोघंही कुत्रेच) म्हटलं की मात्र चावणारा म्हणून मोत्यावर बोट ठेवते. तेच वाक्य पुस्तकी मराठीत सांगितलं तरी बोट मोत्यावरच. दोष मालवणीचा असता तर पुस्तकी मराठीत वेगळं काही दिसलं असतं ना?

निदान अजून व्हायचंय, ते माझं कामही नाही. पण वाचत गेले तेव्हा डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, म्हणजे भाषा समजण्या-बोलण्यात टिकून राहणारी अडचण, हे नाव सापडलं. इंग्लंडमधल्या पाहणीत शाळेत येणाऱ्या साधारण ७ टक्के मुलांत तो आढळला, म्हणजे तिसाच्या वर्गात दोघं. दोन भाषा कानावर पडल्याने तो होत नाही. असला तर मूल बोलतं त्या प्रत्येक भाषेत दिसतो.

मेंदूबद्दल जे वाचलं त्याने तर मी खिळून राहिले. वाक्यात अर्थाला न जुळणारा शब्द आला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी एक विद्युत लहर उमटते. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी ती १९८० मध्ये दाखवली. व्याकरण चुकलं तर वेगळी, त्याहून लवकरची लहर दिसू शकते. २००८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी व्याकरणात विशेष अडचण असलेल्या मुलांच्या आणि तरुणांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून वाक्यं ऐकवली. व्याकरणाची ती झटपट लहर त्यांच्यात उमटलीच नाही. तिच्या जागी उमटली अर्थाची लहर, आणि अर्थाच्या चुकांना त्यांचा मेंदू इतरांसारखाच प्रतिसाद देत होता. म्हणजे ही मुलं ऐकत नाहीत असं नाही, आळशी तर मुळीच नाहीत. जी वाट उघडी आहे तिथून त्यांचा मेंदू वाक्यापर्यंत पोचायला धडपडतो. सगळ्याच मुलांत हेच दिसतं असं नाही, पण बांगड्याचं वाक्य तिला का कळतं हे मला इथे पहिल्यांदा उमजलं.

तिचे काका मुंबईहून फोनवर एमआरआय करायला सांगतात. पण या अडचणीचं निदान एमआरआयवरून होत नाही, आणि वरच्या लहरींच्या चाचण्या संशोधनासाठी असतात. निदान होतं ते मुलाशी बोलून, खेळवून, गोष्ट सांगायला लावून. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळा-अंगणवाड्यांत येतं, भाषाविकासातला विलंब त्यांच्या यादीत आहे. मुलाचं नाव आपणहून त्यांच्यापुढे ठेवा.

आजीला मी सांगितलं, "आजी, तुमी बोलत रवा. बारकी वाक्यां बोला, मासो हातात घेवन बोला, आणि तिका उत्तर देवक वेळ देवा." वर्गात मीही तेच करते. आणि भाषा-उपचार करणाऱ्यांना एक विनंती: कोकणातलं मूल समोर आलं की त्याच्या घरच्या बोलीतही चार वाक्यं विचारा. बोली येत नसेल तर आजीला शेजारी बसवून घ्या.