नळ गोठला की आधी तो उघडून ठेवा

गावाबाहेरच्या घरात कडाक्याची थंडी पडली की माझं लक्ष थर्मामीटरपेक्षा वाऱ्याकडे जास्त असतं. शून्याला पाणी गोठतं हे खरं, पण भिंतीच्या आतला पाइप लगेच गोठत नाही. बाहेर उणे ६-७ अंशांच्या खाली रात्र गेली आणि त्यात वारा सुटला, की धोका. आमच्या स्वयंपाकघरातला पाइप बाहेरच्या भिंतीतून आत येतो, तिथे बोट जाईल एवढी फट होती. बेसिनखाली हात घातला की गार झोत लागायचा. तेवढ्याच वीतभर जागेत पाइप गोठला, बाकी घरभर पाणी व्यवस्थित येत होतं.

त्या सकाळी नळ फिरवला, चमचाभर पाणी आलं आणि खरखर होऊन बंद झालं. अशा वेळी हात आपसूक नळ बंद करायला जातो. तो बंद करू नका, ही एक गोष्ट मला अगदी कळकळीने सांगायची आहे.

बर्फ होताना पाणी साधारण ९ टक्क्यांनी फुगतं. त्यामुळे बर्फच पाइप फाडतो असं वाटतं, पण बहुतेक वेळा पाइप फुटतो तो बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने. बर्फ वाढत जातो, पुढच्या पाण्याला पळायला वाट नसते, आणि मग एखादा जोड सुटतो किंवा तांब्याचा पाइप उभा चिरतो. तेही कधीकधी गोठलेल्या जागेपासून बरंच लांब, उबदार खोलीत! नळ उघडा असला की दाब साठतच नाही. रात्री नळाची बारीक धार सोडून ठेवतात त्यामागेही हेच आहे.

मी कोरड्या पायपुसण्यावर बसून हेअर ड्रायर धरला. सुरुवात नळाच्या बाजूने केली आणि हळूहळू भिंतीकडे सरकले, म्हणजे वितळलेलं पाणी बाहेर पडत राहतं. मधूनच तापवलं तर ते दोन्हीकडून कोंडतं. भिंतीजवळ पाइपवर पांढरं हिव धरलं होतं; ते आधी ओलं झालं, मग थेंब होऊन ओघळलं. ज्योतीचा बर्नर मात्र कुणीही वापरू नये. भिंतीतल्या लाकडाला आग लागते आणि पाइपमध्ये वाफ कोंडली तर तो फुटू शकतो.

हे मेन व्हॉल्व्हपाशी उभे होते. "अगं, आला का थेंब?"

"आला! पण तुम्ही तिथेच थांबा, सांगितल्याशिवाय हलू नका."

कारण पाइप चिरला असेल तर ते कळतं बर्फ वितळल्यावर. तोवर बर्फच त्या भेगेला बूच मारून बसलेला असतो. घरात पाणी पसरतं ते त्या क्षणापासून, त्यामुळे मेन व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो सहज फिरतो का, हे घरातल्या प्रत्येकाला थंडीआधीच माहीत हवं. आमचा पाइप शाबूत होता. मी टॉर्च घेऊन प्रत्येक जोडाखाली कोरडा कागदी रुमाल फिरवून पाहिला, मगच उठले.

मग फट बुजवली आणि पाइपला फोमची नळी चढवली. फोम ऊब तयार करत नाही, असलेली टिकवतो. म्हणून घर बंद करून जायचं असेल तर त्यावर विसंबू नये. मेन व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामे करावेत, गिझरची वीज बंद करून मगच त्यातलं पाणी सोडावं, फ्लशची टाकी उपसावी. बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी उरतंच. तिथे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, पाइपांसाठीच मिळणारं अँटीफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रावण, ओतायचं. गाडीचं नको, ते बहुधा इथिलीन ग्लायकॉलचं आणि विषारी असतं.

पोटमाळ्यावरून जाणारा पाइप अजून उघडाच आहे. यंदा थंडी सुरू व्हायच्या आत त्यालाही फोम चढवायचा आहे.