कलम पाच मोठ्याने वाचलं तेव्हा

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी आमचा साक्षरता वर्ग दुपारी भरतो, कारण सकाळभर बाया सोसायट्यांमधून कचरा गोळा करत असतात. बहुतेक जणी 'स्वच्छ'च्या सभासद. ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था, 2008 पासून महापालिकेशी करार करून काम करते. ठराव, हिशेब, सह्या या गोष्टी बायांच्या अंगवळणी पडलेल्या. म्हणून धडा कुठलाही काढा, "याचा उपयोग काय?" हे आधी विचारतात.

त्या दिवशी एका मावशींनी नातीचं गाऱ्हाणं मांडलं. पोरगी बीडकडून आलेली, पाचवीची. गावची शाळा दाखला देईना, इथली जवळची अनुदानित शाळा दाखल्याशिवाय घेईना. शाळा सुरू झाल्यापासून ती घरीच, धाकट्या भावाला सांभाळत.

मी एकटी जाऊन बोलले असते तर कदाचित काम झालंही असतं. पण शिक्षण हक्क कायदा, 2009 मराठीत हाताशी होता. कलम 5 काढलं, एकेकीला एकेक ओळ दिली. काचेने चिरलेलं बोट ओळीखालून सरकायचं, जोडाक्षराशी अडायचं, मग शेजारीण ढोसायची. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. उलट दाखला रखडवणाऱ्या मुख्याध्यापकावरच कारवाई होऊ शकते.

"म्हंजी ढिलाई गावच्या सरांची, अन् घरी बसायचं पोरीनं?"

वर्ग तिथेच संपला. सगळ्या निघाल्या शाळेत.

मुख्याध्यापक वाईट नव्हते, कामाने पिचलेले होते. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. यांना समजवा." मी गप्प राहिले. मावशींनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि अक्षर अक्षर लावत वाचायला लागल्या. सर दोनदा "कळलं, कळलं" म्हणाले. मावशी पूर्णविरामालाच थांबल्या.

अर्ज घेतला गेला. सही-शिक्क्याची पोच मागितली ती बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईंनी.

बाहेर शाळा व्यवस्थापन समितीचा फलक होता. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात, असं मी सांगितलं.

"मग यात आपलं कोण?"

शिपायाने सरांच्या खोलीकडे बोट दाखवलं. सगळ्या परत आत शिरल्या.