पाय अठरावर, आवाज एकोणीसचा

गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या तालमीच्या खोलीत एक भावगीत रंगात आले असताना, दुसऱ्या कडव्याआधीच्या जागेत मी पायाने १८ क्रमांकाचा पॅच, म्हणजे आधी जुळवून साठवलेला गिटारचा आवाज, बोलावला आणि गिटारमधून हलक्या कोरस इफेक्टऐवजी असे काही कर्कश डिस्टॉर्शन बाहेर पडले की गाणाऱ्या ताईंचे मिटलेले डोळे उघडले आणि तबल्यावर बसलेल्या काकांचा हात डग्ग्यावरून वर आला. "अरे, हे कोळीगीताचं ना? ते मध्यंतरानंतर आहे," असे ते अगदी शांतपणे म्हणाले. त्यांचे बरोबर होते. कोळीगीताचा पॅच १९ क्रमांकावर होता. माझा पाय मात्र अठरावरच होता, हे मी दोनदा वाकून पाहिले.

या एका आकड्याच्या घोळाचे कारण पाच मिनिटांत सापडले, परंतु तो घोळ कानावर पडावा एवढी जुळणी होण्यासाठी त्याआधी दोन रात्री गेल्या होत्या, आणि या लेखाचा विषय मुख्यतः त्या दोन रात्री आहेत.

माझा डिजिटल इफेक्ट्स प्रोसेसर, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारे यंत्र, जुना, दुसऱ्याकडून घेतलेला आहे. आवाज उत्तम, पण पायाची बटणे तीनच. आमच्या कार्यक्रमात वीस-बावीस गाणी असतात, त्यांतल्या काहींना दोन-दोन पॅच लागतात, आणि चालू गाण्यात वाकून चकती फिरवणे शोभत नाही. म्हणून मी वेगळा मिडी फूट कंट्रोलर, म्हणजे पायाच्या बटणांची पाटी, घेतला. मिडी ही वाद्ये आणि यंत्रे यांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सामाईक भाषा. मिडीच्या तारेतून गिटारचा आवाज जात नाही, जातात त्या केवळ आज्ञा: अमुक पॅच लाव, अमुक इफेक्ट बंद कर. त्यामुळे गिटार वाजते आहे पण पॅच बदलत नाही, अशी स्थिती असेल तर गिटारची केबल, ॲम्प आणि प्रोसेसरचा आवाजाचा भाग यांना हात लावण्याचे कारणच उरत नाही. हे मला माहीत होते, तरी पहिल्या रात्री मी प्रोसेसर फॅक्टरी रीसेट करण्याच्या बेतात होतो. पॅचची प्रत आधी संगणकावर काढून ठेवलेली नसल्याने थांबलो, आणि ते बरे झाले, कारण दोष त्याच्यात नव्हता.

दोष तारेत होता. कंट्रोलरला ३.५ मिलिमीटरचा छोटा स्टिरिओ जॅक आहे आणि प्रोसेसरला मिडीचे पाच पिनांचे गोल सॉकेट. मधला छोटा ॲडॅप्टर मी आधीच घेतलेला होता, म्हणून पुढची लांब वायर आणायला बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत गेलो आणि पाच पिनांची गोल वायर मागितली. "टेपरेकॉर्डरची ना? आहे की, जुना माल आहे," असे म्हणत दुकानदाराने ती लगेच काढून दिली. प्लग सॉकेटमध्ये इतका नेमका बसला की माझा आनंद गगनात मावेना. घरी आल्यावर मात्र कंट्रोलर मुका आणि प्रोसेसर बहिरा. मल्टिमीटर बीपवर ठेवून एकेक पिन तपासली, तेव्हा उलगडा झाला: चार क्रमांकाच्या पिनेतून निघालेली तार दुसऱ्या टोकाला पोहोचतच नव्हती. मिडीमध्ये ४ आणि ५ या पिनांतून संदेश जातो, २ क्रमांकाची पिन आवरणाच्या जाळीसाठी असते आणि १ व ३ रिकाम्या राहतात. टेपरेकॉर्डरच्या वायरीला या वाटणीशी काही देणेघेणे नसते. दुकानदाराने त्याच्या समजुतीप्रमाणे योग्य तीच वस्तू दिली होती. चुकीचे नाव सांगून मागितली ती मी.

दुसऱ्या दिवशी सुटे प्लग आणि जाळीची दोन तारांची केबल आणून वायर स्वतःच सोल्डर केली. सगळ्या पिना बीप देऊ लागल्या. प्रोसेसर तरीही बहिराच.

येथे मी जी साधी युक्ती केली, ती मिडी वापरणाऱ्या प्रत्येकाने करून पाहावी. मिडी आउटच्या, म्हणजे संदेश बाहेर पाठवणाऱ्या बाजूच्या, आतच रोधक बसवलेले असतात, म्हणून एक साधा लाल एलईडी थेट ४ आणि ५ या पिनांमध्ये लावता येतो: लांब पाय चारवर, आखूड पाय पाचवर. तार शांत असते तेव्हा तिच्यातून प्रवाह वाहत नाही. संदेश जातो तेव्हाच तो वाहतो आणि एलईडी लुकलुकतो. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट्स असा ठरलेला आहे आणि पॅच बदलण्याची आज्ञा अवघ्या दोन बाइटांची असते, म्हणजे ती एका मिलिसेकंदाच्या आतच संपते. म्हणून खोलीतला दिवा घालवून बटण भराभर दाबावे लागते. मी दिवा घालवला, बटण दाबत राहिलो, एलईडी काळाच. मग कंटाळून त्याचे पाय उलटे लावले, लांब पाचवर आणि आखूड चारवर, आणि बटणाच्या प्रत्येक दाबेसरशी लाल ठिपका उमटू लागला. कंट्रोलर पहिल्यापासून बोलत होता, फक्त उलट दिशेने.

छोट्या जॅकमधून मिडी नेण्याच्या दोन पद्धती बाजारात आहेत. टाइप ए मध्ये जॅकचे टोक पाचव्या पिनेला आणि मधली कडी चौथ्या पिनेला जोडलेली असते. टाइप बी मध्ये नेमके उलटे. २०१८ साली टाइप ए हे मानक ठरले, पण त्याआधीची आणि नंतरचीही काही उपकरणे व ॲडॅप्टर टाइप बी चे असतात आणि वरून दोन्ही अगदी सारखेच दिसतात. माझा कंट्रोलर ए आणि ॲडॅप्टर बी निघाला. अशी उलटापालट झाली तरी उपकरण सहसा जळत नाही. मिडी इनच्या, म्हणजे संदेश घेणाऱ्या बाजूच्या, आत ऑप्टोकप्लर नावाचा भाग असतो, ज्यात एक इवलासा एलईडी संदेशाप्रमाणे उजळतो आणि समोरचा प्रकाशसंवेदी भाग तो प्रकाश वाचतो. प्रवाह उलटा आला तर तो एलईडी उजळतच नाही, आणि त्याच्या रक्षणासाठी शेजारी एक डायोड ठेवलेला असतो. म्हणजे माझ्या हातातला एलईडी जे सांगत होता, तेच प्रोसेसरच्या पोटातला एलईडी तितक्याच निष्ठेने करत होता. मी माझ्या वायरीच्या एका प्लगमध्ये ४ आणि ५ च्या तारा अदलाबदल करून सोल्डर केल्या आणि ही वायर चुकून दुसरीकडे लागू नये म्हणून तिला लाल टेप गुंडाळली. रात्री पावणेबारा वाजता प्रोसेसरने पहिल्यांदा पॅच बदलला. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून हेडफोन लावला होता, त्यामुळे हा विजय फक्त मलाच ऐकू आला.

आता पुन्हा तालमीकडे. मिडीत पॅच क्रमांकासाठी सात बिट्स असतात, म्हणून तारेतून जाणारा आकडा ० ते १२७ यांच्यातलाच असतो. पडद्यावर तो शून्यापासून दाखवायचा की एकपासून, हे ज्या त्या उत्पादकाने ठरवलेले असते. माझा कंट्रोलर शून्यापासून मोजतो, प्रोसेसर एकपासून. कंट्रोलरवरचे १८ तारेतून १८ म्हणूनच गेले आणि प्रोसेसरने ते आपल्या हिशेबाने एकोणिसावा पॅच म्हणून ऐकले. हा मतभेद मिडीइतकाच जुना असावा, असे मला राहून राहून वाटते. जानेवारी १९८३ मध्ये नॅम या अमेरिकेतल्या वाद्य-व्यापाराच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवले गेले, आणि या दोन कंपन्यांचे संस्थापक डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी यांना या कामासाठी २०१३ साली टेक्निकल ग्रॅमी मिळाला. स्पर्धक कंपन्यांना एका भाषेवर आणणारी ही गोष्ट, पण मोजणी कुठून सुरू करायची यावर काही त्यांचे एकमत झाले नाही.

कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये मोजणी एकपासून करण्याचा पर्याय सापडला आणि तो प्रश्न मिटला. ज्यांच्या प्रोसेसरमध्ये १२८ पेक्षा जास्त पॅच असतात, त्यांना बँकही, म्हणजे पॅचच्या गटाचा क्रमांकही, पाठवावी लागते. बँकेची आज्ञा, म्हणजे कंट्रोल चेंज (सेटिंग बदलणारी क्रमांकित आज्ञा) ० आणि ३२, आधी जायला हवी आणि पॅचचा क्रमांक नंतर. क्रम उलटला तर मागच्या बँकेतला पॅच लागतो. मिडीचा चॅनेल (१ ते १६ पैकी ज्या क्रमांकावर उपकरणे बोलतात तो) दोन्हीकडे एकच असावा, हे सांगायची गरज नाही, पण सर्वांत आधी तपासावे ते हेच.

याहून जास्त डोके खाल्ले ते डिले, म्हणजे प्रतिध्वनीचा इफेक्ट, चालू-बंद करण्याच्या बटणाने. त्यासाठी मी कंट्रोल चेंज ८० ठरवला होता. ६४ ते १२७ म्हणजे चालू आणि ० ते ६३ म्हणजे बंद. आरंभी पाय दाबून ठेवला तेवढाच वेळ डिले लागत असे, कारण कंट्रोलर दाबल्यावर १२७ आणि सोडल्यावर लगेच ० पाठवत होता. तो आळीपाळीने पाठवेल असे सेटिंग केले, तर नवीच गंमत: पॅच बदलल्यानंतर बटण दोनदा दाबावे लागे. आधीच्या गाण्यात डिले चालू होता, ही आठवण कंट्रोलरजवळ शिल्लक. नव्या पॅचमध्ये मात्र डिले मुळातच बंद. त्यामुळे पहिल्या दाबेला कंट्रोलर 'बंद कर' असे सांगे आणि प्रोसेसर आधीच बंद असलेली गोष्ट पुन्हा बंद करी. यावर उपाय म्हणून पॅचच्या क्रमांकापाठोपाठ डिलेची स्थितीही पाठवायची ठरवली, पण प्रोसेसरला पॅच उघडायला क्षणभर लागतो आणि त्या क्षणी आलेली आज्ञा तो गिळून टाकतो. दोन आज्ञांमध्ये १०० मिलिसेकंदांचा विराम घातला तेव्हा ते जमले.

मिडी क्लॉकचा, म्हणजे लय पाठवणाऱ्या घड्याळाचाही मोह झाला होता. क्लॉक एका मात्रेत २४ टिचक्या पाठवते आणि डिले त्या लयीला बांधला जातो. परंतु आमच्याकडे लय यंत्र ठरवत नाही, काका ठरवतात, आणि अंतऱ्यावर त्यांचा केहरवा किंचित पुढे सरकतो, तेच त्यातले सौंदर्य आहे. अशा ठिकाणी पायाने टॅप टेम्पो देणे, म्हणजे बटणावर ठेका धरून लय सांगणे, शंभर पटींनी चांगले. क्लॉक बंद केले.

शेवटी राहिली ती घरघर. हे सगळे सेटिंग पाहण्यासाठी लॅपटॉप प्रोसेसरला यूएसबीने जोडलेला असे, आणि लॅपटॉपचा चार्जर लावला की ॲम्पमधून बारीक किरकिर सुरू होई. पाच पिनांच्या मिडीत ऑप्टोकप्लरमुळे दोन उपकरणांचा ग्राउंड एकमेकांना चिकटत नाही. यूएसबीत मात्र तो थेट जोडला जातो आणि चार्जरमधला गोंगाट त्या वाटेने गिटारच्या आवाजात शिरतो. चार्जर काढला की किरकिर बंद. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला मला दोघांनी दिला. तो मी ऐकला नाही आणि कोणी ऐकूही नये, कारण ती पिन जिवासाठी असते. पॉवर ॲडॅप्टरही एकदा वाचून घ्यावा: माझा प्रोसेसर ९ व्होल्टचा आणि मध्यभागी ऋण असलेला आहे, तर घरात पडलेला राउटरचा ॲडॅप्टर १२ व्होल्टचा, मध्यभागी धन असलेला आणि दिसायला त्याचा जुळा भाऊ.

कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातल्या कार्यक्रमाला लॅपटॉप नेलाच नाही. कंट्रोलरवरचे आकडे पांढऱ्या कागदी टेपने झाकून त्यावर प्रत्येक गाण्याचे पहिले दोन शब्द लिहिले. काकांनी साउंड चेकच्या वेळी चष्मा वर करून ते वाचले आणि विचारले, "कोळीगीत कुठलं?" मी बोट दाखवले. त्यांनी तबल्याची बैठक त्या बटणापासून वीतभर लांब सरकवली.