छत्रीच्या बाई

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि आधी आठवली ती छत्री. शास्त्राच्या बाई बाराही महिने छत्री घेऊन यायच्या आणि फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगायच्या. इमारत, रुळाची घंटा, गॅदरिंग यांवर बाकीचे लिहितीलच. मी बाईंवरच लिहिणार.

नववीत असताना मधल्या सुट्टीत पाचवीतला एक मुलगा मागच्या रायवळ आंब्यावरून पडला. हात कोपराखाली वाकडा झालेला. बाईंनी दोन लाकडी फूटपट्ट्या मागवल्या आणि हात धरायला नेमकं मला बोलावलं. मी हात धरला, पण मान वळवली. पट्टी गुंडाळता गुंडाळता बाई हळूच म्हणाल्या, "तोंड फिरवू नकोस. तो तुझ्या तोंडाकडे बघतोय." खरंच बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं तसा तो ओरडायचा थांबला.

पुढे मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर घरात रडारड झाली. परक्या पुरुषांची शुश्रूषा, हे शब्द तेव्हा कसे उच्चारले जात ते माझ्या वयाच्या बायकांना ठाऊक आहे. आईची समजूत घालायला बाई भर पावसात चालत आल्या होत्या.

१९७० साली मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कमिशन मिळालं. नेमणूक मुंबईत कुलाब्याला, नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात. रुग्णालय नौदलाचं, पण आम्हा सिस्टरांचे हुद्दे लष्करी. माझ्या खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे. ३ डिसेंबर १९७१ ला युद्ध पेटलं. खिडक्यांना काळे कागद, टॉर्चच्या काचेवर खाकी कागद. ४ तारखेच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. ती बातमी आली तेव्हा अंथरुणाला खिळलेलेसुद्धा उठून बसले. मग ९ डिसेंबरची रात्र. दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलंच नाही.

माझ्या वॉर्डात विशीतला एक नौसैनिक होता. कावीळ झाली म्हणून त्याला खुकरीवरून उतरवलेलं. बातमी कळल्यापासून तो बोलेना, जेवेना. रात्री अंधारातून फक्त विचारायचा, "सिस्टर, आप हो ना?" काय बोलावं मला सुचेना. शेवटी टॉर्चचा तो मिणमिणता उजेड स्वतःच्या तोंडावर धरला आणि त्याच्या खाटेशी स्टुलावर बसून राहिले. पहाटे त्याने पाणी मागितलं.

बाईंना पत्र लिहिलं. रुग्णालयातलं काही लिहायचं नव्हतं, म्हणून एवढंच लिहिलं की तोंड फिरवलं नाही. उत्तराचं पोस्टकार्ड आलं, "पट्टी नीट घट्ट बांधतेस ना?" ते अजून माझ्याजवळ आहे.

सेवा संपवून कोकणात परतले, नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी बाईंचं वाक्य सांगितलं. खूप वर्षांनी दीवला खुकरीच्या स्मारकापाशी उभी राहिले, तेव्हा हे सांगायला बाई नव्हत्या. त्यांच्या आजारपणात मी दूर पोस्टिंगवर होते. त्यांची शुश्रूषा दुसऱ्या कुणीतरी केली, याची खंत जात नाही.

गेल्या वर्षी शाळेत डोकावले. संगणकाची खोली पाहून आनंद झाला. प्रथमोपचाराचा तास मात्र वेळापत्रकात सापडला नाही. समारंभाला येताना मी एक पेटी आणते आहे, त्रिकोणी पट्ट्या, कापूस आणि दोन लाकडी फूटपट्ट्या. नववीच्या वर्गात ती टांगण्यापुरती जागा ठेवावी. फळ्याशेजारचा खिळा अजून असेल तर तोच चालेल.